किटने फ्लोराइड सव्वा दाखवले, प्रयोगशाळेने २.३: विश्वास कशावर ठेवायचा?

आपण विचारले आहे ते आधी माझ्या शब्दांत मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावात ग्रामपंचायतीला मिळालेल्या पाणी तपासणी किटने शाळेजवळच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइडचा रंग छापील रंगतक्त्यावरील १.० आणि १.५ या चौकोनांच्या मधोमध दाखवला. त्याच हातपंपाचा प्रयोगशाळेचा अहवाल मात्र २.३ मिलिग्रॅम प्रति लिटर आला. तुरटी आणि चुना टाकून निवळलेल्या पाण्याला तेच किट ०.५ देते, म्हणून ते पाणी मुलांना द्यावे असे समितीतील काही जणांचे मत आहे. नायट्रेट १० आल्याने त्याविषयी आपण निश्चिंत आहात. आणि शेवटी, हे किट बाजूला ठेवून मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग मोजणारे उपकरण घ्यावे का, असे आपण विचारता.

मी बावीस वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आणि त्यातील बराच काळ गावोगावच्या जलसुरक्षकांना आणि महिलांना ही किटे शिकवण्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्यापुढचा खरा प्रश्न किट खरे की प्रयोगशाळा खरी हा नाही. रंग बदलणारी प्रत्येक चाचणी चुकते, पण ती कोणत्याही बाजूला वाटेल तशी चुकत नाही. तिच्या बहुतेक चुकांना दिशा असते. ही दिशा ठाऊक असेल तर शे-दोनशे रुपयांच्या रसायनावरही पुष्कळ भरवसा ठेवता येतो, आणि ठाऊक नसेल तर महागडे उपकरणही फसवते.

प्रथम नळीत काय घडते ते पाहू. फ्लोराइडच्या बहुतेक किटांतील रसायनात झिर्कोनियम हा धातू आणि एक रंगद्रव्य यांची जोडी असते. ही जोडी आम्लात तांबडट गुलाबी दिसते. फ्लोराइडला झिर्कोनियमची ओढ रंगद्रव्यापेक्षा अधिक असल्याने तो झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतो, रंगद्रव्य सुटे पडते आणि सुटे पडलेले रंगद्रव्य पिवळे दिसते. म्हणून फ्लोराइड जितके जास्त तितका गुलाबी रंग पिवळ्याकडे सरकतो. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ही चाचणी फ्लोराइडला थेट पाहतच नाही. झिर्कोनियमवरून चाललेली रस्सीखेच कोण जिंकत आहे एवढेच ती दाखवते. त्या रस्सीखेचीत तिसरा कोणी हात घातला की उत्तर बदलते, आणि ते कोणत्या बाजूला बदलेल हे त्या तिसऱ्यावर अवलंबून असते.

अल्कता, म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेट, खूप असेल तर ते रसायनातील आम्ल खाऊन टाकते आणि फ्लोराइड असते त्यापेक्षा कमी दिसते. अ‍ॅल्युमिनियम आणि लोह फ्लोराइडलाच धरून ठेवतात, त्यामुळे तेही कमी दिसते; त्यात अ‍ॅल्युमिनियम फार थोडे असले तरी पुरते. याउलट सल्फेट आणि फॉस्फेट झिर्कोनियमला ओढतात, म्हणून नसलेले फ्लोराइड दिसू लागते. क्लोरीन रंगद्रव्यच उडवून लावते, त्यामुळेही रंग फिका पडून फ्लोराइड जास्त असल्याचा भास होतो. रसायन टाकल्यावर पत्रकात सांगितलेला वेळ पुरा होण्याआधी रंग पाहिला तर रस्सीखेच अर्धवटच झालेली असते आणि आकडा कमी वाचला जातो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीतील रसायन बिघडते तेव्हा मात्र दिशा सांगता येत नाही, आणि म्हणूनच मला त्या एका कारणाची सर्वांत जास्त धास्ती वाटते.

आता आपल्या हातपंपाकडे येऊ. ज्या भूजलात फ्लोराइड जास्त असते त्यात बहुधा कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट जास्त असते, कारण कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडले जाऊन पाण्यात टिकत नाही. म्हणजे ज्या पाण्यात आपल्याला फ्लोराइड शोधायचे असते, नेमक्या त्याच पाण्याची अल्कता किटला कमी आकड्याकडे ढकलण्याची शक्यता असते. प्रयोगशाळेने जर फ्लोराइडचा इलेक्ट्रोड, म्हणजे रंगाऐवजी विद्युतदाबावरून फ्लोराइड मोजणारी कांडी, वापरला असेल तर तेथे नमुन्यात आधी एक बफर मिसळला जातो. तो आम्लता एका पातळीवर आणतो आणि अ‍ॅल्युमिनियमने धरून ठेवलेले फ्लोराइडही मोकळे करतो. त्यामुळे किट १.२५ आणि प्रयोगशाळा २.३ या दोन आकड्यांत मला विसंगती कमी आणि अपेक्षित कल जास्त दिसतो. अर्थात दोन्ही नमुने एकाच दिवसाचे होते का, हे आपण लिहिलेले नाही. उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यानंतरच्या पाण्यात फरक पडू शकतो, आणि नमुना घेण्याआधी हातपंप पुरेसा हापसून पाइपात साचलेले पाणी काढून टाकले होते की नाही यानेही फरक पडतो.

अंदाजावर थांबण्याची गरज नाही, कारण ही शंका आपण गावातच तपासू शकता. हातपंपाचे पाणी आणि बॅटरीत टाकण्यासाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी सारख्या मापाने एकत्र करा आणि त्या मिश्रणाची किटने तपासणी करा. (हे डिस्टिल्ड पाणी केवळ तपासणीसाठी आहे, उरलेले कोणी पिणार नाही अशा जागी ठेवा.) मूळ पाणी खरोखर १.२५ असेल तर मिश्रणाचा रंग ०.५ च्या चौकोनाच्या जरा पुढे यायला हवा. मूळ पाणी २.३ असेल तर मिश्रण १.१५ चे होईल, म्हणजे रंग १.० च्या चौकोनाला ओलांडून जाईल. हे दोन रंग उघड्या डोळ्यांना वेगळे ओळखू येतात. पातळ करण्याचा दुसरा फायदा असा की फ्लोराइडबरोबर अल्कताही निम्मी होते आणि रसायनातील आम्ल तिला पुरून उरते. जे पाणी निम्मे पातळ केल्यावर किटवर जवळपास तेवढाच आकडा दाखवते, त्या पाण्यात काही तरी लपले आहे असे समजावे. ही युक्ती मला एका वयस्क सहकाऱ्याने शिकवली होती आणि मी ती प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आलो आहे, तरी किटच्या पत्रकात ती छापलेली मी अजून पाहिलेली नाही.

याहून पक्की पद्धत म्हणजे साक्षीनळी. प्रयोगशाळेकडून १.० आणि २.० मिलिग्रॅमचे प्रमाणित द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत मागून घ्या; काचेची बाटली नको. प्रत्येक तपासणीच्या वेळी तीन नळ्या शेजारी शेजारी लावा: एकीत १.० चे द्रावण, एकीत २.० चे, आणि एकीत आपले पाणी. तिन्हींत सारखेच थेंब टाका आणि सारखाच वेळ थांबा. मग छापील रंगतक्त्याची गरजच उरत नाही. रसायन जुने झाले असेल, खोली तापलेली असेल किंवा वेळ थोडा पुढे-मागे झाला असेल, तर तिन्ही नळ्या सारख्याच चुकतात आणि तुलना शाबूत राहते. १.० च्या नळीने तक्त्यावरचा १.० चा रंग दिला नाही तर रसायन निकामी झाले असे समजून नवीन मागवावे. हे द्रावण घरी तयार करू नये, कारण सोडियम फ्लोराइडची पूड विषारी असते आणि मिलिग्रॅमचे वजन करणारा काटा गावात नसतो.

तुरटीच्या पाण्याविषयी मात्र मला आपल्या समितीला स्पष्टपणे थांबवायचे आहे. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड कमी करण्याची पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली, ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते आणि नीट वापरली तर ती उपयोगी आहे. परंतु तिच्यात किती तुरटी लागेल हे फ्लोराइड आणि अल्कता या दोन्हींवर अवलंबून असते. तुरटी जास्त झाली किंवा पाणी पुरेसे न निवळता काढले तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उरते, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते फ्लोराइडला किटपासून लपवते. म्हणजे फ्लोराइड जितके गेले त्यापेक्षा जास्त गेल्यासारखे दिसते. त्याच वेळी तुरटीतून सल्फेट येते आणि ते उलट दिशेला ओढते. त्या टाकीत ब्लीचिंग पावडरही टाकत असाल तर क्लोरीन रंग उडवून आणखी गोंधळ करते. तीन हात दोन विरुद्ध दिशांना ओढत असताना ०.५ हा आकडा कशाचा पुरावा मानायचा? कच्च्या पाण्यावर ज्या किटने दिलेला कौल मी पुष्कळ अंशी मानेन, त्याच किटचा तुरटीच्या पाण्यावरचा कौल मी मुळीच मानणार नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा एकूण फ्लोराइडसाठी आहे. अ‍ॅल्युमिनियमने धरलेले फ्लोराइड त्यातून वगळता येत नाही. शिवाय उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमलाही भारतीय मानकात स्वतंत्र मर्यादा आहे: ०.०३ मिलिग्रॅम, आणि पर्यायी स्रोत नसेल तर ०.२.

उत्सुकता असेल तर एक प्रयोग करून पाहा. निवळलेले पाणी आणि २.० चे प्रमाणित द्रावण सारख्या मापाने मिसळा. निवळलेल्या पाण्यात खरोखर ०.५ असेल तर मिश्रण १.२५ चे झाले पाहिजे. किटने त्याहून बरेच कमी दाखवले तर आपण घातलेले फ्लोराइडच त्या पाण्यात लपले, आणि मग आधीचेही लपले असणार. मिश्रणाची नळी झाकून दोन तासांनी साक्षीनळ्यांशेजारी पुन्हा पाहिली आणि ती त्यांच्यापेक्षा जास्त पिवळी होत गेली असेल तर संशय आणखी बळावतो, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड हळूहळू सुटते आणि झिर्कोनियमकडे जाते. हा प्रयोग शंका दूर करण्यासाठी आहे. निवळलेले पाणी पिण्याजोगे आहे असे प्रमाणपत्र देण्यासाठी तो पुरेसा नाही. ते काम प्रयोगशाळेचे.

क्लोरीनचा उल्लेख आला म्हणून एक जुना प्रसंग सांगतो, कारण दिशा विसरली की काय होते हे त्यातून दिसते. एका गावात टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर जलसुरक्षकाने पाण्याची तपासणी केली. त्याच्याकडे क्लोरीन असल्यास पिवळा रंग देणाऱ्या नेहमीच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीऐवजी गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडीच्या गोळ्या होत्या. नळीत क्षणभर गुलाबी झाक आली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. क्लोरीन नाही असे समजून त्याने आणखी पावडर टाकली आणि दुसऱ्या दिवशी लोक उग्र वासाची तक्रार घेऊन ग्रामपंचायतीत आले. खरे तर आदल्या दिवशीच क्लोरीन इतके जास्त झाले होते की त्याने डीपीडीचा रंगच उडवला होता. त्या माणसाची चूक मी मानत नाही. रंग नाही म्हणजे पदार्थ नाही असेच आम्ही त्याला शिकवले होते. त्यानंतर मी शिकवू लागलो की रंग येऊन गेला तर नमुना पातळ करून पुन्हा पाहावा. फ्लोराइडसाठी यातून घ्यायचा धडा एवढाच, की नमुना टीसीएल टाकण्यापूर्वीच्या पाण्याचा घ्या.

नायट्रेटच्या बाबतीत आपली निश्चिंती मला थोडी बिघडवावी लागेल. आपल्या किटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत काय छापले आहे ते पाहा. नायट्रेटच्या चाचणीत जस्ताची किंवा कॅडमियमची पूड नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग ते गुलाबी रंग देते. नायट्राइटची ही रंग देणारी अभिक्रिया १८७९ मध्ये ग्रिस या रसायनशास्त्रज्ञाने दिली आणि आजही ती जगभर वापरली जाते. अडचण रंगाची नाही, एककाची आहे. काही तक्ते नायट्रेट मोजतात आणि काही त्यातील फक्त नायट्रोजन. आपल्याकडील मर्यादा ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची आहे. तक्ता नायट्रोजनचा असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणावे लागते, म्हणजे आपले १० हे ४४ होतात आणि पाणी मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर उभे असते. तक्ता नायट्रेटचा असेल तर १० विषयी चिंता नाही.

इथवरचे सार असे की कच्च्या पाण्यात आपले किट फ्लोराइड कमी सांगण्याकडे झुकलेले दिसते, तुरटीच्या पाण्यात ते कोणत्याच बाजूने विश्वासार्ह नाही, आणि नायट्रेटचा निर्णय तक्त्यावरील एका शब्दावर अवलंबून आहे.

आता डोळ्यांविषयी आणि उजेडाविषयी. गुलाबी आणि पिवळा यांच्यामधल्या छटा पिवळ्या बल्बखाली ओळखता येत नाहीत, आणि थेट उन्हातही नीट ओळखता येत नाहीत. दिवसा, सावलीत, मागे पांढरा कागद धरून पाहावे. एका प्रशिक्षणात एकाच नळीचे वाचन दोन ताईंनी सतत वेगळे केले. बऱ्याच वेळाने ध्यानात आले की त्यांतल्या एकीच्या भडक केशरी साडीचा रंग नळीत उतरत होता. पुरुषांमध्ये लाल-हिरवा रंगदोष स्त्रियांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतो आणि तो असलेल्याला अनेकदा स्वतःलाच माहीत नसतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना किट शिकवण्याची तरतूद आहे; रंगाच्या चाचणीसाठी ती योगायोगाने का होईना, फार योग्य आहे. पाचपैकी दोघींनी एकमेकींना न सांगता आकडा लिहावा आणि तो जुळला तरच वहीत नोंदवावा. नळीतील पाण्याची उंचीही खुणेबरोबर असावी, कारण वरून पाहताना पाणी जितके खोल तितका रंग गडद दिसतो. पाणी मुळातच गढूळ किंवा लोहामुळे तांबूस असेल तर रसायन न घातलेली एक नळी शेजारी धरून तिचा रंग मनाने वजा करावा लागतो, आणि हे काम सोपे नसते. असा नमुना मी थेट प्रयोगशाळेत पाठवतो.

मोबाइलच्या उपकरणाविषयी माझे मत थोडे प्रतिकूल आहे. कॅमेरा डोळ्यासारखा थकत नाही हे खरे, पण तो स्वतःच्या समजुतीप्रमाणे पांढरा रंग ठरवतो आणि प्रत्येक छायाचित्रात ती समजूत बदलू शकते. ज्या उपकरणात नळी बंद पेटीत, ठरावीक दिव्यासमोर राहते, किंवा ज्यात प्रमाणित नळ्या त्याच छायाचित्रात घेतल्या जातात, ते वाचनातील व्यक्तिपरत्वे येणारा फरक कमी करते. परंतु अल्कता, अ‍ॅल्युमिनियम आणि क्लोरीन यांनी केलेली चूक ते दुरुस्त करत नाही; ती चूक नळीत आधीच झालेली असते आणि कॅमेरा ती दोन दशांशांपर्यंत अचूक मोजून देतो. १.२७ असा आकडा पाहिला की माणसाला सव्वापेक्षा जास्त खात्री वाटते, आणि मला भीती त्याचीच आहे. तोच पैसा आपण प्रमाणित द्रावण, ताजे रसायन आणि वर्षातून दोन वेळा प्रयोगशाळेत नमुने पोहोचवण्याचा खर्च यांवर घालावा, असे मी सुचवेन.

किट मात्र फेकू नका. गावात दहा-बारा हातपंप आणि विहिरी असतील तर सगळ्यांचे नमुने प्रयोगशाळेत महिन्याला पाठवणे शक्य नसते. किटने सर्व स्रोत एकाच दिवशी, एकाच व्यक्तीकडून, साक्षीनळ्यांसह तपासा. ज्यांचा रंग स्पष्ट गुलाबी, म्हणजे ०.५ किंवा त्याहून कमी आहे, ते सध्या बाजूला ठेवा, मात्र त्यांतील एक-दोन पातळ करून पाहा. ज्यांचा रंग स्पष्ट पिवळा आहे त्यांना आकड्याची गरजच नाही. ते पाणी पिण्यासाठी बंद करण्याचा निर्णय लगेच घेता येतो. मधले सगळे प्रयोगशाळेत पाठवा. भारतीय मानकानुसार १.० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि १.५ ही केवळ दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तेव्हाची. किटचा कमी दाखवण्याचा कल पाहता आपल्या भागात मी १.० च्या चौकोनालाच धोक्याची रेघ मानेन. ही रेघ दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या खडकाच्या पाण्याला लागू पडेलच असे नाही.

अहवालाची वाट पाहत असताना काय करावे, हे आपण विचारलेले नाही, पण शाळा शेजारी आहे म्हणून सांगतो. कायमचे दात हिरड्यांत घडत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांवर फ्लोराइडचा परिणाम सर्वाधिक होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात मूल पाणीही जास्त पिते. त्यामुळे किट १.२५ म्हणते की प्रयोगशाळा २.३, याचा निकाल लागेपर्यंत त्या हातपंपाचे पाणी अंगणवाडीला आणि पहिली-दुसरीच्या वर्गांना देऊ नये. इतर वापराला ते चालते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ गेल्याने ते थोडे वाढतेच, हे पालकांना आवर्जून सांगा.

प्रयोगशाळेत पुढचा नमुना पाठवाल तेव्हा एकाच दिवशी घेतलेल्या दोन बाटल्या पाठवा: एक कच्च्या पाण्याची आणि एक तुरटीने निवळलेल्या पाण्याची. फ्लोराइडबरोबर अल्कता, सल्फेट आणि निवळलेल्या पाण्यातील उर्वरित अ‍ॅल्युमिनियम तपासण्याची लेखी विनंती करा. त्याच दोन बाटल्यांतील थोडे पाणी काढून ठेवून त्याच दिवशी किटने तपासा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. अहवाल आल्यावर किटचा आणि प्रयोगशाळेचा आकडा शेजारी ठेवला की आपले किट आपल्या गावाच्या पाण्यात किती आणि कोणत्या बाजूला झुकते हे कळेल. ते आकडे आणि तुरटीची मात्रा येथे कळवलीत तर निवळण्याच्या टाकीत काय बदल करावा हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.